बाबांचं लॅक्टेट

बाबांना डेंग्यू झाला आणि ताप उतरताच त्यांनी आपण बरे झालो असं जाहीर करून टाकलं. राजापेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी नेमकं त्याच दिवशी त्यांना भरती करून घेतलं. "डेंग्यूत ताप उतरल्यावरच खरी भीती असते," त्या मला म्हणाल्या. "नुसत्या प्लेटलेट बघून भागत नाही. पेशींना ऑक्सिजन पुरेना झाला की रक्तात लॅक्टेट चढतं. त्यावर माझं लक्ष राहील." भेटायला येणारे सगळे प्लेटलेटच विचारत. लॅक्टेट कोणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे बाबांना ते आपलं खास दुखणं वाटू लागलं.

दुपारी चांदूर बाजारहून आत्या आली. बाबांची थोरली बहीण; ते तिला 'बाई' म्हणतात. तिनं पपईचा पाला आणला होता. मी दोघांना गप्पा मारत सोडलं आणि औषधं आणायला चौकात गेले.

परतले तर बाबा डोळे मिटून धापा टाकत होते. आत्या निघून गेली होती. नर्सनं नुकतंच रक्त नेलं होतं. रिपोर्ट आला आणि डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. लॅक्टेट फार चढलं होतं. आयसीयूत हलवावं लागेल, तिथंही उतरलं नाही तर नागपूर. तेवढ्यात आत्याचा फोन.

"बस भेटली व. तू काऊन रडून राहिली?"

"बाबांचं लॅक्टेट वाढलं."

"थे काय असते? आत्ता तं चांगला होता. रिकाम्या थैलीनं पाठवत नसतात म्हणून त्यानं लोकांनी आणलेले नारळ भरले. मले लिफ्टचं भेव वाटते, तं माही थैली घेऊन तीन माळे उतरला. सलाईनची बाटली मी धरली."

"आणि वर येताना?"

"सोताच धरली. लिफ्टसाठी थांबला नाही, जिन्यानंच चढला."

मी फोन डॉक्टरीणबाईंच्या कानाला लावला. त्यांनी सगळं ऐकलं आणि खुर्चीत बसल्या. जिने चढल्यावरही लॅक्टेट चढतंच. आयसीयूची खाट राखून ठेवायची, रोग्याला जागचं हलू द्यायचं नाही आणि थोड्या वेळानं पुन्हा रक्त काढायचं, असं ठरलं.

मी खाटेशी पहारा देत बसले. मनातल्या मनात आत्याला, नारळांना, आमच्या अख्ख्या खानदानाच्या पाहुणचाराला शिव्या घालत होते. बाबा एरवी झोपेतही बोलतात. आज निपचित पडून होते, आणि तेच मला बघवत नव्हतं.

दुसरा रिपोर्ट चांगला आला. मग मात्र माझा तोल सुटला. "तुम्हाला काही अक्कल? आत्या काय परकी आहे? एक दिवस नसतं पोचवलं तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"मले वाटलं, आता मी काही वाचत नाही," बाबा म्हणाले. "बाईले कसं सांगू? म्हटलं, रिक्षापर्यंत तरी जावं तिच्यासंगं."