फुकटातही नको असलेली मोटार

१९३८च्या माघात मुरबाडला आमच्या घरापुढे दुसरी मोटार येऊन उभी राहिली. पहिली वडिलांची, जुनी; ती मुरबाड-कल्याण रस्त्यावर उतारू नेत असे. ही दुसरी बरीच नवी होती. कल्याणच्या एका ओळखीच्या विक्रेत्याने ती लग्नसराई संपेपर्यंत चालवून बघायला दिली होती. पसंत पडली तर जुनी विकून हिची किंमत भरायची, कारण दोन्ही ठेवणं परवडणारं नव्हतं. धाकट्या काकांना नवीच हवी होती. रोज सकाळी जुनीचं हँडल तेच मारत.

खर्चाचा अंदाज दोघा भावांनी ओट्यावर बसून बांधला. जुनी पेट्रोल जास्त पिते, चढावर तिचं पाणी उकळतं, टायरला ठिगळं लागतात. नवीला यातलं काही नाही. काकांचा हिशेब चोख होता. फक्त त्यात भावकी धरलेली नव्हती.

भावकीतल्या लग्नाला कोणी बैलगाडी मागितली तर आमच्याकडे भाडं घेत नसत. मोटारीलाही तीच रीत लागू झाली. काका नवी घेऊन आज टोकावड्याला, उद्या शेणव्याला जात. पेट्रोल आमचं. बदल्यात नारळ आणि टोपी मिळे. या काळात वडील जुनी हाकत होते आणि रोज रोख भाडं घरी आणत होते. फाल्गुन सरला तेव्हा काकांजवळ टोप्यांची चळत झाली होती, आणि नवीच्या गादीवरची हळद निघत नव्हती.

वैशाखात एक चुलत आजोबा मुलाच्या लग्नासाठी नवी मागायला आले. ती आधीच दुसऱ्यांना कबूल केली होती. वडिलांनी जुनी देऊ केली, तीही बिनभाड्याने.

आजोबा म्हणाले, "त्या खटाऱ्यात नवरा बसवू? त्यापरीस चालत नेतो रे."

ते गेल्यावर वडील काकांना म्हणाले, "ऐकलंस? फुकट दिली तरी कोण नेत नाय."

काका बराच वेळ हसले. मग म्हणाले, "दादा, उद्या नवी परत करून येतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती कल्याणला पोचवली आणि जुनीतून परत आले. पावसाळ्यापूर्वी ती नवी मोटार शहापूरच्या एका भातगिरणीवाल्याने विकत घेतली. त्याची भावकी आमच्याहून मोठी होती.