साडेतीन दिवस चाललेल्या डबीबद्दल माझं मत

माझी शाळा चौथीत सुटली. मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर घरात अजून एकमत नाही. तरी शिरपुरात मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्यानं तार गुंडाळून भरून द्यायचं दुकान तीसेक वर्षं चालवतोय, म्हणून लोक मला करंटमधला जाणकार समजतात. मीही समजायचो. या समजापायी माझ्या सुनेची नोकरी जाता जाता राहिली. ती गोष्ट सांगतो.

सून जळगावची. बी.कॉम. झालेली, बोलणं एकदम शहरी. लग्नाआधी जळगावात नोकरीला होती, ती आमच्या घरात आल्यामुळे सुटली. मग तिनं स्वतःच शोधून पुण्याच्या एका कंपनीचं घरबसल्या काम धरलं. दवाखान्याची बिलं विम्यासाठी कॉम्प्युटरवर चढवायची. पुढच्या खोलीत टेबल, त्यावर कॉम्प्युटर, सकाळी दहाला ती बसायची ते संध्याकाळपर्यंत. मुलगा सूतगिरणीत पाळीला, बायको स्वयंपाकघरात, मी दुकानात. आमच्या घरात सगळ्यात जास्त डोकं लागायचं ते काम त्या टेबलावर व्हायचं.

उन्हाळ्यात मी त्या टेबलाशी बसलो. एका जुन्या मोटारीच्या गुंडाळीचा तक्ता शोधायचा होता. तक्ता सापडला नाही, पण तुम्ही नशीबवान आहात असं स्क्रीनवर आलं. आयुष्यात मला असं कोणी म्हणालं नव्हतं, म्हणून मी दाबलं. त्यानंतर कॉम्प्युटर आठ दिवस कोणाचंच ऐकेना. सुनेचं काम बंद पडलं. कंपनीनं तिला लेखी कळवलं की घरी फायरवॉलची वेगळी डबी बसवा, आणि यापुढे तुमच्या घरून काही गडबड झाली तर काम काढून घेऊ.

ते पत्र तिनं मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "आबा, आता एकदा जरी झालं ना, तर मला काढतीलच. पुन्हा असं काम मला इथं बसून मिळणार नाही."

रागावून बोलली असती तर बरं वाटलं असतं.

डबी आणायला धुळ्याला मीच गेलो. तसंही तांब्याची तार आणायची होती. कंपनीनं चालतील अशा डब्यांची यादी दिलेली, त्यातली एक धुळ्याच्या कॉम्प्युटरवाल्याकडे नवीनच आलेली. तो म्हणे, नाना, पाच दिवस फुकट वापरा, मग शुक्रवारी येऊन कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोला. घरगुती माणसांची मतं पाहिजेत, तुमच्यासारख्याचंच मत पाहिजे. मी विचारलं, माझ्यासारख्या म्हणजे कसल्या?

"ज्याला यातलं काहीच कळत नाही, अशा," तो म्हणाला.

इतक्या लवकर माझी पारख बायकोनंही केली नव्हती. पण मला ते मानाचं वाटलं. एसटीत डबी मांडीवर धरून बसलो. शेजारच्यानं विचारलं मिठाई का, तर म्हणलं, परीक्षण आहे.

आता डबीबद्दल. अंगाच्या साबणाएवढी. काळी. एका बाजूला दोन भोकं, एकात मोडेमची वायर जाते, दुसऱ्यातून निघून कॉम्प्युटरला. म्हणजे नेटवरून जे काही घरात येणार ते डबीतून गाळून येणार. पुढे तीन बारके दिवे. पहिला करंटचा, बाकी दोन वायरींचे. करंटचा ॲडॅप्टर एवढा जाड की बोर्डाचं शेजारचं भोकही झाकून टाकतो. ही एक खोड मी त्याच दिवशी पकडली आणि माझ्यातला परीक्षक खूश झाला. बसवायला सुनेला दहा मिनिटं लागली. मी बॅटरी धरून उभा होतो, भर दुपारी.

सोमवार ते बुधवार डबी छान चालली. सुनेचं काम पहिल्यासारखंच झपाझप. मी संध्याकाळी फुकटात क्रिकेट दाखवणारं एक पान उघडून बघितलं, तर डबीनं लाल अक्षरात सांगितलं की हे पान धोक्याचं आहे, बंद केलंय. मला अपमान वाटला. तीन दिवसांच्या पाहुण्यानं घरमालकाला बाहेर अडवल्यासारखं.

बुधवारी संध्याकाळी सून चार दिवसांसाठी माहेरी जळगावला गेली. सुट्टी टाकून. जाताना मला म्हणाली, कॉम्प्युटर बघायचा तर बघा, पण काही अडलं तर आधी फोन करा, वायरींना हात लावू नका. मी म्हणलं, बेटा, मी वायरींतच म्हातारा झालो. तिला यातलं धोक्याचं काय ते तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

गुरुवारी सुरतेत बायकोच्या बहिणीच्या नातीचं लग्न होतं. गुडघ्यामुळे बायकोला जाता आलं नाही. व्हिडिओ शूटिंगवाल्यानं लग्न थेट दिसायची लिंक पाठवलेली. मोबाईलवर लागली, पण त्यात नवरी हरभऱ्याच्या दाण्याएवढी. बायकोला मोठ्या स्क्रीनवर बघायचं. मी रुबाबात कॉम्प्युटर लावला, लिंक दाबली, आणि डबीनं पुन्हा लाल अक्षरं दाखवली.

तिकडे मोबाईलमध्ये अंतरपाट धरलेला. बायको नवी साडी नेसून, घरातल्या घरात अक्षता मुठीत घेऊन खुर्चीवर बसलेली.

"लगीन लागी जाई," ती म्हणाली, "मंग काय रिकामा मांडव दखसू का?"

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. शेतातल्या मोटारीला स्टार्टर असतो. लाईट कमीजास्त झाली, मोटारीवर लोड आला, की स्टार्टर पडतो, म्हणजे करंट आपोआप तोडतो, आणि मोटार वाचते. पण शेतकऱ्याला तेव्हा पाणी भरायचं असतं. तो चिडतो. स्टार्टरच्या बटणात काडी खोचतो. तरी पडला, तर स्टार्टर बाजूला ठेवून वायरी सरळ मोटारीला जोडतो. याला आमच्याकडे डायरेक्ट करणं म्हणतात. शिरपूर तालुक्यात कुठल्याही मळ्यात जा, एक तरी पेटी डायरेक्ट केलेली सापडेल. मग मोटार जळते आणि माझ्याकडे येते. गेली तीस वर्षं मी अशा प्रत्येक माणसाला काउंटरवर बसून तेच भाषण देतो. अरे बाबा, तो पडतो म्हणजे बिघडला नाही, तो त्याचं काम करतोय. माणूस मान हलवतो, मोटार भरून घेऊन जातो आणि पुन्हा डायरेक्ट करतो.

तर मी मोडेमकडून आलेली वायर डबीतून उपटली आणि सरळ कॉम्प्युटरला जोडली. एका मिनिटाचंही काम नव्हतं. लग्न लागलं. बायकोनं अक्षता स्क्रीनवर टाकल्या, त्यातल्या अर्ध्या कीबोर्डात गेल्या. जेवणाच्या पंगतीसुद्धा आम्ही पूर्ण बघितल्या. कोणाच्या ताटात काय वाढलं हे बायको मला सांगत होती आणि मला भूक लागत होती.

वायर परत लावायची राहिली. विसरलो असं म्हणालो तर ते अर्धंच खरं. डबीकडे बघितलं, पहिला दिवा हिरवा. करंट आहे. आमच्या पॅनलवर दिवा लागलेला असला की सगळं ठीक. बाकीचे दोन दिवे विझलेत, ते मला दिसलेही, पण म्हणलं, काम नाही तर कशाला पेटतील.

शुक्रवारी सदरा इस्त्री करून धुळ्याला गेलो. कॉम्प्युटरवाल्यानं मला खुर्चीवर बसवलं, मागे डब्यांची चळत लावली. मी बोललो ते मला पाठ आहे, कारण पुढे ते मला फार ऐकावं लागलं. पहिले दोन दिवस डबी जरा अडेलतट्टू वाटते, म्हणलं, पण नंतर घरात रुळते. काल मोठ्या स्क्रीनवर अख्खं लग्न पाहिलं, कुठे अडकलं नाही. डबी आहे हे जाणवतसुद्धा नाही.

ते खरंच होतं.

दुकानदार एवढा खूश झाला की त्यानं चहासोबत भजी मागवली. शनिवारी दुपारपर्यंत माझा व्हिडिओ धुळे, शिरपूर, जळगाव सगळीकडे फिरला. दुकानात मोटार घेऊन आलेले लोक मला डबीबद्दल विचारू लागले. एका मास्तरांनी, बघा, मास्तरांनी, मला विचारलं की त्यांच्या घरी ती बसवावी का. मी पाय हलवत म्हणलं, बसवा आणि विसरून जा.

रविवारी सून आली. सोमवारी दिवसभर तिनं काम केलं. मंगळवारी साडेअकराला ती स्वतः दुकानात आली, तशी ती कधीच येत नाही. म्हणाली, घरी चला. रस्त्यात तिनं सांगितलं ते असं. डबीची कंपनीच्या ऑफिसात रोज हजेरी लागते. आठवड्यानं तो हिशोब तिकडचे साहेब बघतात. डबी गुरुवारपासून गैरहजर. सुनेचं काम सकाळीच बंद केलंय आणि साडेबाराला साहेबांचा फोन येणार आहे.

घरी तिनं मला डबी दाखवली. एक भोक रिकामं. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं. सुरतेचं लग्न, अंतरपाट, सगळं. ती खाली बसली आणि हातानं कपाळ दाबून विचार करू लागली. मग म्हणाली की ती सांगेल, सुट्टीत ती घरीच होती, झाडझूड करताना वायर निघाली, तिच्याच हातून. घरच्या कोणी मुद्दाम काढली म्हणलं तर मागच्या वेळीही आबाच होते हेही निघेल.

मला सांगायला लाज वाटते, पण मला पहिल्यांदा बरं वाटलं. साहेबांनी व्हिडिओ पाहिला असेल का, मास्तरांना काय सांगू, हे सगळं मनातल्या मनात मिटत आलं होतं. एवढ्यात बायको दारात येऊन उभी राहिली. अक्षता टाकणारी हीच, रिकामा मांडव म्हणणारी हीच.

"तुम्हीनच करं ना," ती म्हणाली, "मंग तुम्हीनच बोला. पोर काबरं खोटं बोली?"

फोन वाजला तसा सुनेनं स्पीकरवर घेतला. साहेबांनी विचारलं की वायर कशी निघाली. ती काही बोलायच्या आत मी हात पुढे केला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि फोन दिला.

"साहेब, मी सासरा बोलतोय. डबी मी डायरेक्ट केली."

"डायरेक्ट म्हणजे?"

मग मी त्यांना स्टार्टरपासून सांगितलं. काडी खोचण्यापर्यंत आलो तेव्हा ते म्हणाले, काका, जरा थांबा, मी लिहून घेतोय. मला वाटलं पोलिसात देतात. त्यांनी विचारलं किती वाजता काढली, म्हणलं मंगलाष्टकं चालू होती. काय काय उघडलं, म्हणलं लग्न आणि पंगत, पंगतीत बासुंदी होती. आणखी काही? मी म्हणलं, शपथ घेतो, या वेळेला मला कोणी नशीबवान म्हणालं नाही. मागच्या वेळीही मीच होतो, हे त्यांना तोपर्यंत माहीत नव्हतं. ते आता झालं. सुनेनं डोळे मिटले.

साहेब चांगला माणूस होता. म्हणाले, तुमच्याकडे वायर एका भोकातून निघून मिनिटाभरात दुसरीकडे लागली, ते आम्हाला इथं दिसत होतं. चुकून निघाली असं कोणी सांगितलं असतं तर मला कारण समजलं नाही असं लिहावं लागलं असतं, आणि तसं लिहिलं की काम काढून घेतात. आता मी घरच्या माणसाची चूक असं लिहितो. कॉम्प्युटर तपासू, स्वच्छ निघाला तर सोमवारी चालू. पण तुम्ही त्या खोलीत जायचं नाही, असं मॅडमकडून लिहून घ्यावं लागेल.

सुनेनं लिहिलं. मी खाली सही केली, चौथीतल्या अक्षरात.

तिची एक अट वेगळी होती. धुळ्याला जाऊन मी खरं बोलायचं. गेलो. दुकानदार म्हणाला, नाना, पहिलं झकास चाललंय, कशाला हात लावता? मी म्हणलं, मी पूर्ण डबी वापरलीच नाही, साडेतीन दिवस वापरली, आणि तेवढ्यात ती दोनदा मला आडवी आली. दोन्ही वेळेला तिचं बरोबर होतं. हे बोलतो ते घे. त्यानं कुरकुरत घेतलं. ॲडॅप्टरच्या जाडीचंही मी सांगितलं. हा व्हिडिओ कोणी कोणाला पाठवला नाही. मास्तरांच्या घरी मी स्वतः जाऊन सांगून आलो. त्यांनी डबी बसवली, आणि मला चहा व्हरांड्यातच दिला.

तो आठवडा सून घरात रिकाम्या हातानं फिरली. एकदा भांडी घासून झालेली पुन्हा घासली. कॉम्प्युटरची तपासणी चालू होती, त्यामुळे मी दुकानात असलो तरी दर तासाला घरी फोन करायचो, आणि बायको फोन उचलून आधीच नही म्हणायची.

सोमवारी दहाला मी दुकान उघडलंच नाही. पुढच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो. डबीचे तिन्ही दिवे हिरवे. सुनेनं काहीतरी दाबलं, थांबली, पुन्हा दाबलं. बराच वेळ स्क्रीन पांढरी. मग एक बिल उघडलं, नाशिकच्या कुठल्यातरी दवाखान्याचं, आणि तिची बोटं चालायला लागली. मला ते नीट दिसावं म्हणून मी जरा पुढे वाकलो.

"आबा," मागे न बघता ती म्हणाली, "पाय उंबऱ्याच्या आत आलाय."

मी पाय बाहेर घेतला.