रिकामं का होईना

कैरोतल्या शुब्र्याची इन्शिराह जन्मभर नटी होती, पण तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. कधी मोलकरीण, कधी नर्स, कधी मयताला रडणारी. रडावं मात्र तिनंच. एकदा तर मेलेल्याचं सोंग घेतलेला नट उठून म्हणाला, "पुरे गं बाई, मलाच रडू येतंय."

ती पहिल्यांदा नाटकात उभी राहिली, तेव्हा धाकट्या बहिणीचा, रावयाचा, साखरपुडा झालेला होता. "मुलीची बहीण तोंडाला रंग फासते," म्हणत वरपक्षानं तो मोडला. पुढे रावयाला चांगला नवरा मिळाला, नदीपलीकडे इम्बाब्यात संसार थाटला, पण बोलणं तुटलं ते तुटलंच.

आई गेल्यावरच्या पहिल्या ईदला इन्शिराहनं आईच्या निळ्या काठाच्या ताटात खजुराची बिस्किटं रचून बहिणीकडे धाडली. आमच्यात कुणाचं ताट रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर दोन लिंबं तरी ठेवतात. रावयानं ताटच परत केलं नाही. ईदमागून ईद गेली. मधे नुसती नदी.

मग रमजानातली ती मालिका आली. कैरोतली एक इमारत, मजल्यागणिक वेगळं दुःख, आणि एकाचा धागा दुसऱ्यात अडकलेला. इन्शिराहला तिसऱ्या मजल्यावरची विधवा मिळाली. काम केवढं? वरच्या सुनेला भरल्या द्राक्षपानांचं ताट द्यायचं, "गरम आहे गं" म्हणायचं आणि दार लावायचं.

नेमकं ताट आलं निळ्या काठाचं. "गरम आहे गं," ती म्हणाली, पण हात सुटेना. "ताट परत दे हां. रिकामं का होईना, पण दे."

दिग्दर्शक नातवाच्या वयाचा. "मावशी, हे कुठे लिहिलं होतं?"

"चुकलं बाळा. पुन्हा घेऊ."

"नको. राहू दे."

इफ्तारनंतर ते घराघरांत दिसलं आणि लोकांच्या तोंडी बसलं. भाजीवाला पिशवी देताना म्हणे, "रिकामी का होईना, परत द्या हां!" पोरी सही मागायला येऊ लागल्या. दार वाजलं की इन्शिराह धावे, आणि उघडलं की आधी येणाऱ्याचे हात पाही.

शेजारची उम्म हानी म्हणाली, "आता कुठे नाव झालं, तर तोंड पाडून काय उभी राहतेस?"

"मी कुठे पाडतेय? वयानं पडलंय ते."

ईदच्या आदल्या दिवशी दारात भाचा उभा. टॅक्सी चालवतो; नाक थेट आईचं. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ताट पुढे केलं.

"रावया काही म्हणाली?"

"नाही. तुमचा भाग लागला की टीव्हीचा आवाज मोठा करते, एवढंच."

उम्म हानीनं कागद उलगडला. "रिकामं! एक लिंबूसुद्धा नाही! काय बाई आहे!"

"मागितलं तसंच दिलंय तिनं," इन्शिराह म्हणाली. काठावरून बोट फिरवलं. कुठे टवका नाही, डाग नाही. इतकी वर्षं कुणीतरी ते जपून वापरलं होतं.

भाचा जिना उतरू लागला.

"थांब रे! आता पाळी माझी आहे."

तिनं बिस्किटं रचली, ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधला आणि ताट मांडीवर घेऊन टॅक्सीत बसली. पूल येईपर्यंत दारात उभं राहून काय म्हणायचं ते ती ओठांतल्या ओठांत म्हणून पाहत होती. कधी हसून, कधी रागानं, कधी नुसतंच "गरम आहे गं". जन्मभरात एवढं अवघड काम तिला कुणी दिलं नव्हतं.