लाल सुई

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका उपकेंद्रात सारिका नर्स होती. वाड्यांवरची म्हातारी माणसं अंगदुखी घेऊन यायची. गोळी दिली की तोंड वाकडं करायची. सुई टोचल्याशिवाय त्यांना दवाखान्यात गेल्यासारखं वाटायचंच नाही. शेवटी सारिका जीवनसत्त्वाची लाल सुई देऊ लागली. अशा दुखण्याला तिचा काडीचा उपयोग नाही, हे ठाऊक असूनही. पण ठकूबाईचे गुडघे खरंच दुखायचे थांबले, आणि तिचा नवरा भागोजी 'बायच्या हाताला गुण हाय' असं गावभर सांगत सुटला. सारिकाला ते सुखावायचं, आणि सलायचंही.

एका सकाळी भागोजी घामाने निथळत आला. छाती आवळलेली, डावा हात जड. शेजारचा किशोर त्याला जीपने थेट पोलादपूरला नेत होता; भागोजीच हट्टाने वाटेत उपकेंद्रापाशी उतरला होता.

"गो बाय, ती लाल सुई टोच, म्हंजे झाला."

सारिकाने त्याची नाडी धरली. "बाबा, हे काळजाचं दुखणं आहे. त्या सुईत तुमच्यासाठी काही नाही हो. नुसती मनाची समजूत होती ती."

"सुई संपली असंल तर तसा सांग. खोटा कशाला बोलतंस?"

तिने रक्त पातळ करायची गोळी चघळायला दिली, जीपमध्ये ऑक्सिजन नाही म्हणून ॲम्ब्युलन्स बोलावली. ती आली तरी भागोजी बाकावरून हलेना. खरं बोलून काही होत नव्हतं.

"संपलीय," ती म्हणाली. "महाडच्या मोठ्या दवाखान्यात याहून जालीम सुई मिळते. मी येते सोबत."

तो लगेच उठला.

भागोजी वाचला. परतल्यावर महाडच्या सुईचे गोडवे गाऊ लागला. सारिकाने मात्र लाल सुई बंद केली आणि ठकूबाईला समोर बसवून सगळं सांगितलं.

"सुईत काय नव्हता, तर माझा दुखणा थांबला कसा गो?"

ठकूबाई उठून चालती झाली.

पुढे किशोरकडून कळलं, ती आता बाजारात एका खाजगी डॉक्टरकडे तीच सुई घेते. सारिकाला जेवण गोड लागेना. इथे यायची तेव्हा निदान तिचं बीपी तरी बघितलं जायचं. तिथे कोण बघत असेल?

रविवारी बीपीचं मशीन घेऊन ती वाडी चढली. ठकूबाईने दार उघडलं, पदर सावरून हात पुढे केला. तोंड मात्र दुसरीकडे फिरवलं.