डावा पाय आमच्याकडे आहे

"तुमच्या लेकीचा डावा पाय अजून आमच्याकडे आहे, भाऊ."

मल्लेश्वरमच्या बाजारात मी वांगी निवडत होतो, तेव्हा मागून हे वाक्य आलं. वळून पाहिलं तर माझ्या मुलीच्या जुन्या जिममधल्या एका मुलीची आई. त्यांचं घराणं तीन पिढ्या बेंगळुरूत आहे. टोमणा मारतानाही त्या आवाज गोड ठेवतात. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"खरंच सांगते. आमची पोरगी ओट्यापाशी उभी असते, दूध उतू जातंय, आणि हात हे असे." त्यांनी पिशवी कोपरावर सरकवली आणि दोन्ही तळवे छातीशी ओंजळीसारखे धरले. "म्हटलं, काय धरलंयस गं? तर म्हणते, डावा पाय."

"वहिनी, सवय असते हाताला," मी म्हणालो.

"सरी, सरी, बरोबर आहे. सवयच असेल." त्यांनी माझ्या वांग्यांतलं एक किडकं काढून बाजूला टाकलं. "नव्या जिममध्ये, व्हाइटफील्डला, बरं चाललंय ना? लिफ्ट आहे म्हणे तिथे. मग काय, मुलींना उचलायलाच नको!"

हे नीट कळायचं तर थोडं मागचं सांगायला हवं. चिअरलीडिंग म्हटलं की लोकांना क्रिकेटच्या मैदानाकडेला नाचणाऱ्या मुली आठवतात. माझी मुलगी करते ते त्यापेक्षा दहीहंडीच्या जवळचं आहे. तिघीजणी खाली उभ्या राहतात. दोघी एकेक पाय तळव्यात घेतात, तिसरी मागून घोटे धरते, आणि चौथी त्यांच्या हातांवर ताठ उभी राहते. कधी तिला हवेत उडवतात आणि पुन्हा झेलतात. माझी मुलगी ती चौथी. वजनाला हलकी आणि घाबरत नाही, म्हणून तिला तीन मनोऱ्यांतल्या मधल्यावर, सगळ्यांत वर उभी करत.

तिची पहिली जिम म्हणजे यशवंतपूरच्या घाऊक बाजारामागची एक पत्र्याची शेड. पूर्वी तिथे मिरचीची पोती असत. उन्हाळ्यात खालच्या गाद्या तापल्या की अजूनही ठसका लागतो. सगळ्या मिळून अकरा मुली, जास्तीची एकही नाही. शिकवणारी एक तरुण बाई. तिला मुली अक्का म्हणत, म्हणून आम्ही पालकही अक्काच म्हणू लागलो.

एखादी मुलगी आजारी पडली तर तिच्या जागी उभं राहायला दुसरी कोणी नसे. म्हणून अक्काने एक रीत लावली होती. त्या मुलीची जागा धरायची, आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरतात तशी. रांगेत तिच्यापुरतं अंतर सोडायचं. तिची पाण्याची बाटली भरून भिंतीशी ठेवायची. आणि तिला उचलायची वेळ आली की तिघींनी तिला उचलायचं, ती नसली तरी. म्हणजे ती परत येईपर्यंत हात तिला विसरत नाहीत, असं अक्का म्हणायची. मला ते तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं.

स्पर्धेत मात्र ही अकरा मुलींची शेड आणि व्हाइटफील्डची काचेची इमारत एकाच गटात असत. त्या इमारतीत उसळी देणारी जमीन होती आणि शंभरावर मुली. आमचा नंबर दर वर्षी शेवटून मोजला तर लवकर सापडायचा. म्हणून लहान जिमवाल्यांनी मागणी केली की आमचा गट वेगळा करा. त्यावर मत घ्यायला आयोजकांनी एका शाळेच्या सभागृहात बैठक बोलावली. प्रत्येक जिममधून शिकवणारा एक आणि पालक एक.

अक्का मला घेऊन गेली. "सर, तुम्ही बोला. तुम्ही सरकारी कंपनीतले इंजिनिअर. मी बोलायला लागले की ते लोक मोबाइल बघतात."

मी बोललो. दहीहंडी काय असते हे मी त्या सगळ्यांना समजावून सांगितलं. म्हणालो, मंडळ लहान असो की मोठं, हंडी एकच असते, त्याच उंचीवर. लहानांसाठी खाली बांधलेली हंडी फोडण्यात कसला मान? आमच्या मुलींना दया नको, तीच हंडी हवी. सभागृहात टाळ्या वाजल्या. लहान जिममधलाच माणूस असं बोलतो म्हटल्यावर प्रश्नच मिटला. हात वर झाले आणि मागणी पडली.

अक्का शेजारी मांडीवर हात ठेवून बसली होती. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "छान बोललात, सर."

त्याच्या आदल्याच शनिवारी मी एकटा व्हाइटफील्डला जाऊन आलो होतो. तिथल्या मॅनेजरने मुलीला घ्यायचं कबूल केलं होतं. मुलगी तयार नव्हती. ती म्हणाली होती, "बाबा, वेगळा गट झाला तर आम्ही जिंकू पण शकतो. मग मी कशाला जाऊ?" व्यासपीठाशी उभा राहून मी हंडीचं बोलत होतो, तेव्हा हे वाक्य माझ्या डोक्यात अगदी स्वच्छ होतं. तिच्याकडे थांबायला एकच कारण होतं, आणि ते मी टाळ्या घेऊन काढून टाकलं. तिच्या भल्यासाठीच करतोय असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. त्यामुळे अपराध लहान होत नाही.

व्हाइटफील्डला वर उभ्या राहणाऱ्या मुली पुष्कळ होत्या. माझी मुलगी राखीव झाली. गणवेश, केसांत फीत, चेहऱ्यावर रंग, सगळं करून बाकावर बसायचं. एखादी मुलगी आली नाही तर तिची जागा पाणी ओतल्यासारखी भरून यायची, कोण नाही ते कळायचंही नाही. मॅनेजर मला कौतुकाने म्हणाले, "हेच तर आमचं बळ आहे, सर. इथे कुणावाचून काही अडत नाही."

मुलगी तक्रार करत नव्हती. जाता-येता मेट्रोत खिडकीला डोकं टेकून बसायची. विचारलं तर म्हणायची, "बरं आहे."

तर त्या वांग्यांनंतरच्या रविवारी, दुपारी, मी यशवंतपूरच्या शेडवर गेलो. तिचे जुने बूट तिथे राहिलेत, ते आणायचे, हे निमित्त. आत संगीत नव्हतं. फक्त अक्काचं मोजणं, कन्नडमध्ये: ऐदु, आरु, एळु, एंटु. पाच, सहा, सात, आठ.

मधल्या तिघी वाकल्या. तळवे जुळवले. सातला उठल्या आणि त्यांचे हात डोक्याच्या वर जाऊन थांबले. वर कोणी नव्हतं. बाजूच्या मनोऱ्यांवरच्या दोघींनी आत हात केले आणि बोटं मिटली, हात हातात घेतल्यासारखी. दहाही जणी वर, एकाच जागेकडे बघत होत्या.

माझं आयुष्य भाराच्या चाचण्या घेण्यात गेलं. लोखंडावर वजन आलं की ते कसं वाकतं, आणि वजन नसताना कोणी वाकल्याचं सोंग केलं तर ते कसं दिसतं, हे मला कळतं. त्या मुलींच्या मनगटांच्या शिरा ताणल्या होत्या. वहिनींच्या मुलीचा उजवा खांदा किंचित खाली गेला आणि तिने तो सावरला. मग आठला त्यांनी वरचीला सोडलं, आणि झेललं. झेलताना तिघींचे गुडघे एकदम खचले. गादी दबली. मी ते पाहिलं.

"सर, बूट तिथे भिंतीशी आहेत," अक्का मागे न वळता म्हणाली.

बुटांशेजारी मुलीची निळी बाटली होती. भरलेली, आणि बाहेरून अजून ओली.

"हे पाणी कोण भरतं?" मी विचारलं.

"जिचा नंबर असेल ती."

"अक्का, ती आता येणार नाहीये."

"सरी, सर," ती म्हणाली, आणि पुन्हा मोजायला लागली.

मी बूट न घेताच निघालो. वाकून त्यांना हात लावणं मला जमलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी मी वर गॅलरीत होतो. मुलगी खाली व्हाइटफील्डच्या बाकावर, राखीव मुलींच्या रांगेत. शेडच्या दहा मुली आल्या तेव्हा निवेदकाने 'अकरा' असं वाचलं. लोक थोडे हसले. मग मधल्या तिघी वाकल्या आणि अक्काचं मोजणं संगीतावरून ऐकू आलं, आणि मी मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं नाही. मी माझ्या मुलीकडे बघितलं.

सातला तिच्या टाचा उचलल्या गेल्या. पाठ ताठ झाली, हनुवटी वर गेली, दोन्ही हात बाजूंना पसरले आणि बोटं मिटली. शेजारच्या मुलीने तिच्याकडे बघितलं आणि थोडी सरकून बसली. माझी मुलगी बाकावर होती, पण बसलेली दिसत नव्हती. तिचा डावा पाय जमिनीपासून सुटलेला होता, घोट्याशी स्थिर, कोणीतरी तळव्यात घेतल्यासारखा. संपूर्ण सभागृह त्या रिकाम्या जागेकडे बघत होतं. हसू थांबलं होतं. आठला माझ्या मुलीने डोळे मिटले आणि तिचं सगळं अंग सैल पडलं.

शेडचा नंबर शेवटचा आला. घरी येताना मी विचारलं, "काय झालं होतं तुला?"

"कधी?" ती म्हणाली.

या वर्षी मागणी पुन्हा आली. आणि बैठकीला व्हाइटफील्डने पालक म्हणून मला नेलं. "सर, ते हंडीचं पुन्हा एकदा होऊन जाऊ द्या," मॅनेजर म्हणाले. अक्का समोरच्या बाजूला एकटीच बसली होती. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यावर तिने रुमाल ठेवला होता.

मी उठलो. म्हणालो, गेल्या वर्षी मी तुम्हाला हंडीचं सांगितलं ते अर्धं होतं. हंडी एकच असते. पण मोठ्या मंडळात एक पोरगा निसटला तर दुसरा चढतो, आणि लहान मंडळात तो थर तसाच रिकामा राहतो. आपण मुलींचं कसब मोजत नाही आहोत, कुणाकडे जास्तीच्या मुली किती हे मोजतो आहोत. आणि मी त्या दिवशी बोललो ते माझ्या मुलीला लहान जिममधून काढायचं होतं म्हणून. हेही सांगितलं.

मागून एकाने विचारलं, "मग तीन जिमचा गट आणि तीन पदकं. त्या पदकाला किंमत काय?"

प्रश्न खरा होता. मला आजही त्याचं पूर्ण उत्तर माहीत नाही. मी म्हणालो, "कमीच असेल. पण एखाद्या मुलीला आपल्या जिममध्ये राहायला तेवढं कारण पुरतं."

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. हात मोजावे लागले, दोनदा. लहानांचा गट वेगळा झाला. संध्याकाळपर्यंत व्हाइटफील्डच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मी बाहेर होतो.

घरी येऊन मुलीला सगळं सांगितलं. ती जेवता जेवता ऐकत होती.

"अक्काला हे आधीच माहीत होतं," ती म्हणाली. "मी जिम सोडतेय हे सांगायला गेले ना, तेव्हा ती म्हणाली, जा, पण पाय इथेच ठेवून जा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? ठेवून आले."

रविवारी तिला शेडवर घेऊन गेलो. मला वाटलं होतं मुली धावत येतील, गळ्यात पडतील. कोणी हललं नाही. त्या रांगेत उभ्या होत्या आणि मध्ये एकीपुरतं अंतर होतं. मुलीने भिंतीशी जाऊन बूट घातले. निळ्या बाटलीतलं पाणी प्यायली. मग ती मधल्या तिघींकडे गेली, खांद्यांवर हात ठेवले, आणि त्यांनी तिला उचललं.

ती अर्ध्यावरच डगमगली आणि खाली आली.

"जड आहेस तू," वहिनींची मुलगी म्हणाली. रागाने नाही. तिला खरंच उलगडत नव्हतं.

"आहे तेवढीच आहे मी."

"नाही गं. तू अशी नव्हतीस." तिने आपल्या तळव्यांकडे बघितलं. "डावा पाय असा नाहीये."

पुन्हा केलं, पुन्हा तेच. बाजूच्या दोघींचे हात माझ्या मुलीच्या हातांपर्यंत येतच नव्हते. ते थोडे वर, तिच्या खांद्यांच्याही वर, हवेत जाऊन मिटत होते.

"थांबा," अक्का म्हणाली. "चूक माझी. आधी वर आहे तिला खाली घ्या."

माझी मुलगी बाजूला झाली. तिघी पुन्हा जागेवर आल्या. त्यांचे हात वर गेले. अक्काने या वेळी मोजलं नाही. त्या अगदी हळू, दात आवळून, हात खाली आणू लागल्या. छातीपर्यंत, मग कमरेपर्यंत. मागचीने घोटे सोडले. उजवीकडचीने पाय गादीवर टेकवला. वहिनींची मुलगी सगळ्यांत शेवटी वाकली, डावा पाय जपून खाली ठेवला, आणि तळवे उघडून फ्रॉकला पुसले.

मग माझ्या मुलीचं डोकं, चालत निघालेल्या कोणाच्या मागे वळावं तसं, हळूहळू वळू लागलं, गादीच्या कडेने, भिंतीवरून, बाटलीवरून, दाराकडे. बाकीच्याही सगळ्या त्याच वेगाने वळल्या.

दारात मी उभा होतो. मी बाजूला सरकलो आणि वाट दिली.

थोड्या वेळाने आत अक्काने मोजायला सुरुवात केली.