त्यांच्या वाटणीचे लाडू

"वाढलंय," मॅडम म्हणाल्या.

मी काट्यावर उभी होते. अनवाणी, पदर खोचून, श्वास धरून. मागे अकरा बायका रांगेत. मॅडम वाकल्या, आकडा पुन्हा बघितला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तीनशे ग्रॅम वाढलंय. उतरायचं सोडून वाढलंय."

मग माझ्याकडे न बघता, वहीत लिहिता लिहिता, "तुमच्याकडे ना, खाण्याला ताळतंत्रच नसतं. समोर आलं की संपवायचं. रक्तातच असतं ते. त्याला मी तरी काय करणार?"

मागे कोणीतरी हसलं. 'तुमच्याकडे' म्हणजे कुठे, हे हॉलमध्ये सगळ्यांना कळलं होतं. मलाही कळलं.

मी उतरले. चपला घातल्या. बोलणार काय? खाल्लं होतं मी. आदल्या रविवारी महाड ते पोलादपूर एसटीत बसून बारा लाडू खाल्ले होते, एकामागून एक. त्याच्या आदल्या रविवारीही. पण ते लाडू कोणाच्या वाटणीचे होते, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

मी पोलादपूरच्या पुढे, कापडे गावाच्या बाजूला अंगणवाडी सेविका आहे. दर महिन्याला पोरांची वजनं घेते. टांगत्या काट्याच्या झोळीत पोर बसवायचं, ते हातपाय झाडतं, काटा हलतो, मधेच आकडा धरायचा. वजन कमी भरलं तर आईला समजवायचं. पोरांची वजनं वाढवायची माझी नोकरी, आणि वाढत गेले मी. आमची मदतनीस हसायची, "सेविकाबाय, पोरांचा खाऊ तुमच्याच अंगाला लागतोय वाटतं." मीही हसायचे. ती आमच्याच वाडीतली. तिचं हसणं लागत नाही.

मग माझी साखर काठावर आली आणि हसणं थांबलं. माझी आई साखरेने गेली. आधी अंगठा काळा पडला, मग पाऊल कापलं, मग आईच राहिली नाही. डॉक्टर म्हणाले, "आठ किलो उतरवा. नाहीतर आईच्याच वाटेने जाल." घरात चौदा वर्षांची मुलगी आहे. मी घाबरले. खरं सांगते, फार घाबरले.

म्हणून महाडला रविवारी दुपारी भरणाऱ्या वजन कमी करायच्या वर्गाला जायला लागले. दिवसाला चौदाशे कॅलरी. भाकरी किती, आमटी किती, सगळं मोबाईलमधल्या ॲपमध्ये टाकायचं. ॲप आकडा सांगतं. मला ते जमलं. मोजणं माझ्या हातातलंच आहे. पहिल्याच आठवड्यात नऊशे ग्रॅम उतरले.

त्या वर्गातली एक गोष्ट मला मनापासून आवडली होती. गोडाला बंदी नव्हती. मॅडम म्हणायच्या, बंदी घातली की माणूस चोरून खातो. त्यापेक्षा रोज वीस कॅलरी शिल्लक ठेवा, म्हणजे फोडणीला अर्धा चमचा तेल कमी, आणि रविवारी त्यातून एक गोड खा. बसून खा, चवीने खा, लिहून ठेवा. वजनं झाली की मधल्या टेबलावर डबे उघडायचे. दर रविवारी तिघी-चौघी घरून काहीतरी करून आणायच्या. प्रत्येकीने एक काहीतरी उचलायचं.

मला वाटलं, किती शहाणपणाची रीत आहे. मी दुसऱ्या रविवारपासून नाचणीचे लाडू न्यायला लागले. बारा जणी, बारा लाडू.

पहिल्या दिवशी एकीने माझं आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. मग गाव विचारलं. तेही सांगितलं. मग तिने विचारलं, "गावात कुठे?" गावात कुठे, हे विचारणाऱ्याला गावाचा नकाशा नको असतो. मी तेही सांगितलं. लपवायचं काय त्यात? तो हॉल तळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्या तळ्याचं पाणी माझा पणजा ओंजळीने प्यायला, हे आमच्या घरात पोरांना बोलता यायला लागलं की सांगतात. पाण्याचं झालं. लाडवाचं राहिलं होतं, हे मला त्या हॉलमध्ये गेल्यावर कळलं.

कोणी माझा डबा ढकलला नाही. कोणी नाक मुरडलं नाही. आता तसं कोणी करत नाही. बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई होत्या. डब्यात डोकावून गोड हसून म्हणाल्या, "छान दिसतायत हो. पण याची कॅलरी ॲपमध्ये नाही ना. मोजता येत नाही ते कसं खायचं?" बाकीच्यांनी माना हलवल्या. मोजता येत नाही. बरोबर आहे. नियम म्हणजे नियम.

त्याच टेबलावर त्याच बाईंची खोबऱ्याची वडी होती. घरची, गुळातली. कोणीतरी विचारलं, "हिची किती?" त्या म्हणाल्या, "धरा शंभर अंदाजे." सगळ्यांनी शंभर धरली. पुण्याहून मागवलेली नाचणीची बिस्किटं होती. पाकिटावर आकडा छापलेला. मॅडम म्हणाल्या, "नाचणी फार पौष्टिक असते, सगळ्यांनी खात जा." आणि माझी नाचणी तिथेच, झाकण उघडं, बाराच्या बारा.

पहिल्यांदा मी स्वतःलाच समजावलं. खरंच कॅलरीचं असेल. आपणच कशाला वाकडं धरायचं? दुसऱ्यांदाही समजावलं. तिसऱ्यांदा समजावता आलं नाही, तरी डबा नेला. का नेला, माहीत नाही.

परतीच्या एसटीत डबा मांडीवर असायचा. जड. महाड सुटलं की हात आपोआप झाकणाकडे जायचा. भूक नसायची. चव कळायची नाही. एक, दोन, पाच. पोलादपूरचा स्टँड येईपर्यंत डबा रिकामा. मग पाण्याने चूळ भरायची आणि कापड्याची गाडी धरायची.

हे मी आज शिकलेली नाही. हे मी चौथीत शिकले.

शाळेचं वनभोजन होतं, नदीवर. प्रत्येकाने घरून काहीतरी आणायचं. आईने दहा लाडू वळले, नाचणीचे. तेव्हा नाचणी पौष्टिक नव्हती, गरिबाची होती. बाईंनी सगळ्यांचे डबे पंगतीत फिरवले. माझा डबा हातात घेतला, झाकण न उघडता बाजूच्या दगडावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुझा राहू दे. नंतर बघू." मी सगळा वेळ त्या दगडाकडे बघत होते. नंतर झालंच नाही. परत निघताना बाई म्हणाल्या, "तुझा डबा घे गं, विसरशील."

आई दारात उभी असणार, हे मला माहीत होतं. दहा लाडू तसेच दिसले तर तिचा चेहरा कसा होईल, तेही माहीत होतं. मी वाटेतल्या छोट्या पुलाखाली, साकवाखाली, बसले आणि दहाही खाल्ले. घशाखाली उतरत नव्हते. नदीचं पाणी पिऊन उतरवले.

"सगल्यांनी खाल्लं का गो?" आईने विचारलं.

"हो. पुरले नायत," मी म्हटलं.

आई अशी हसली की अजून दिसते. पुढच्या वर्षी तिने पंधरा वळले. पुन्हा दगड, पुन्हा साकव. अकरा खाल्ले. चार जाईनात, ते नदीत टाकले. आईच्या हातचे चार लाडू मी नदीत टाकले. खाल्लेल्यांपेक्षा त्या चारांनी मला जास्त छळलंय.

शेवटी आई दवाखान्यात होती, पाऊल कापलेलं. नर्स सलाईन लावत होती आणि आई तिला सांगत होती, "हिच्या शालेत माजं लाडू सगल्यांनी खाल्लंन. पुरलं नायत." मी खाटेशेजारी उभी होते. चाळीस वर्षांची बाई. आईची चादर सारखी करत राहिले. आई ते खोटं घेऊन गेली. किंवा तिला सगळं ठाऊक होतं आणि ती माझ्यासाठी बोलत होती. कुठलं खरं, आता कोणाला विचारू? तेव्हापासून रिकामा डबा घासायला घेतला की कानात तेच येतं. सगल्यांनी खाल्लं का गो?

तर तीनशे ग्रॅमचा तो रविवार. मॅडमचं रक्तातलं ताळतंत्र ऐकून झालं, टेबल मांडलं, डबे उघडले, माझे बारा तसेच राहिले. आणि इतकं ऐकूनसुद्धा मी एसटीत ते बारा खाल्ले. रडत खाल्ले. बाजूच्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "काय गो, कोन वारलं काय?" मी मान हलवली, नाही म्हणून.

घरी मुलीने डबा हातातून घेतला. हलवून बघितला.

"सगळे संपले, आई?"

"हो," मी म्हटलं. "पुरले नायत."

माझ्याच तोंडून. तेच शब्द.

पोरीचा चेहरा उजळला. "मंग पुढच्या रविवारी मी वळते. तू नुसतं सांग कसं ते."

मी चुलीपाशी तशीच बसले. उद्या हिच्या हातचे लाडू तिथे उघडे राहणार आणि मी ते एसटीत संपवणार. परवा ही कुठल्या तरी साकवाखाली बसणार. आई गेली, मी त्याच वाटेवर, माझ्यामागे ही. ही वाट साखरेची नव्हतीच नुसती. मला राग आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःचा नाही, त्यांचा राग आला.

शनिवारी मी छोटा काटा काढला. नाचणीचं पीठ दीडशे ग्रॅम, गूळ शंभर, तूप चाळीस, शेंगदाण्याचं कूट तीस. एकेकाची कॅलरी मांडली, बेरीज केली, बाराने भागली. पोरीने एकेक लाडू वळून काट्यावर ठेवला. जास्त भरला की चिमूट काढायची, कमी भरला की चिमूट लावायची. मी कागदावर लिहिलं आणि झाकणावर चिकटवलं: नाचणी लाडू. एक नग २६ ग्रॅम. ११८ कॅलरी.

रविवारी डबा टेबलाच्या मधोमध ठेवला. झाकण वर.

"अरे वा, लिहून आणलंय," मॅडम म्हणाल्या.

"हो. आता मोजता येतंय. घ्या."

कोणी हललं नाही. मग एकीचं आज घरी गोड झालं होतं. दुसरीला गुळाने पित्त होत होतं, तिच्या हातात गुळाची वडी होती. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात, ते मी असे समोर बसून बघितले.

"आग्रह करायचा नाही हं इथे," मॅडम म्हणाल्या.

"आग्रह नाय," मी म्हटलं. त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच माझ्या तोंडून 'नाय' निघालं. "विचारतेय. इतके रविवार कॅलरी माहीत नाय म्हणून कोणी खाल्ला नाय. आज लिहून आणलीय. आज कशामुळे नाय?"

बँकेतल्या बाई हळूच म्हणाल्या, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. आमच्या सासूबाईंना चालत नाही."

"सासूबाई इथे कुठे हायत?"

त्यांनी पर्सची चेन लावली.

"विषय कुठल्या कुठे नेऊ नका," मॅडमचा आवाज चढला. "इथे आपण वजनासाठी जमतो."

"मीपण वजनासाठीच आलेय. मागच्या रविवारी माझे तीनशे ग्रॅम वाढले, ते कशाने, सांगू? तुम्ही सोडलेले लाडू मी एसटीत बसून खाल्ले. दर रविवारी. घरी डबा भरलेला दिसू नये म्हणून. ते माझं रक्त नाय, मॅडम. ती तुमची वाटणी होती."

मी ताटली घेतली. खुर्ची ओढली. बसले. वहीत लिहिलं, ११८. एक लाडू घेतला आणि सावकाश खाल्ला. सगळ्या बघत होत्या. बघू देत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या लाडवाची चव कळली. गूळ जरा जास्त झाला होता.

उरलेले अकरा घेऊन मी एसटीत बसले. डबा मांडीवर. महाड सुटलं. हात झाकणाकडे गेला, खोटं नाही सांगत. मी तो हात खिडकीच्या गजाला धरून ठेवला, पोलादपूरपर्यंत. बोटं आखडून गेली.

मुलगी दारात होती. डबा घेतला आणि तिला वजन कळलं.

"भरलेलाच हाय."

"हो. नाय खाल्ले कुणी."

"का?"

मी तिला बसवलं आणि सांगितलं. 'गावात कुठे' सांगितलं, वडी सांगितली, सासूबाई सांगितल्या. मग दगड सांगितला, साकव सांगितला, नदीतले चार लाडू सांगितले. ती रडली नाही. एक लाडू उचलला, निरखून बघितला आणि पुन्हा डब्यात ठेवला.

"परत जाणार तू तिथे?"

"जाणार."

पुढच्या रविवारी पुन्हा बारा लाडू असतील. झाकणावर तीच चिठ्ठी. आठ किलो उतरेपर्यंत मी त्या काट्यावर उभी राहणार आणि त्या टेबलावर डबा उघडणार. खायचा तर खा. नाही खायचा तर का नाही, ते दर रविवारी तोंडाने सांगा. कॅलरीच्या आड लपू देणार नाही. मी माझा एक खाणार, बसून, लिहून. अकरा परत आले तर अकरा घरी येतील.

डबा घासताना आई आलीच. सगल्यांनी खाल्लं का गो?

नाय, आये. कुणीच खाल्ले नायत. तेव्हापण नाय, आतापण नाय. आणि त्यांच्या वाटणीचे मी आता खाणार नाय.