उतू गेलेलं दूध आणि सुनेचा प्रोग्राम

मागच्या मंगळवारी घरात आलं ते असं… इष्टलिंग गळ्यात बांधायचा नवा दोरा, वीस रुपये. कापूर, तीस. दूध एक लिटर, साठ. त्यातलं अर्धं दूध उतू गेलं, त्याचीच ही हकिकत.

आम्ही लिंगायत, लातूरला राहतो. सून अश्विनी घरूनच एका कंपनीचं पायथनचं, म्हणजे संगणकाच्या एका भाषेतलं, काम करते. तिला कायम करायचं की नाही ते शुक्रवारी ठरणार होतं… आणि तिचा प्रोग्राम रोज दुपारी अडकत होता.

मला तिनं समजेल असं सांगितलं होतं. प्रत्येक नोंदीसाठी सर्व्हरशी जोडणी उघडायची, काम करायचं, बंद करायची. बंद करायची ओळ तर शेवटी लिहिलेली होती. तरी जोडण्या उघड्या राहून साठत होत्या आणि सर्व्हर नवी देत नव्हता.

त्या सकाळी मी पूजेला बसले. लिंग तळहातावर, आणि समोर गॅसवर दूध वर यायला लागलेलं… पूजेत मी बोलत नाही. पूजा तिथंच थांबवली, लिंग वस्त्रात गुंडाळलं, डबीत ठेवलं, गळ्यात बांधलं, मगच उठले. तोवर ओटा पांढरा झाला होता.

अश्विनी धावत आली. गॅस बंद करत म्हणाली, "आई, थेंबभर तेल सांडलं तर दिवसभर ऐकवता. आज अर्धा लिटर जाऊ दिलंत?"

"अगं, हातात घेतलं तेव्हाच ठेवायचं ठरलेलं असतंय. मधी काही का होईना."

"पूजा अर्धी राहिली तरी?"

"पूजा राहील अर्धी. ठेवणं राहत नाही."

ती फडकं ओट्यावरच टाकून लॅपटॉपकडे गेली. एखादी नोंद चुकीची निघाली की प्रोग्राम मध्येच काम सोडून पुढच्या नोंदीकडे जायचा, शेवटची ओळ गाठायचाच नाही. तिनं तिथं पायथनमधला 'विथ' वापरला. त्यात उघडतानाच बंद करणं ठरून जातं, मध्ये काहीही बिघडो.

त्या दुपारी प्रोग्राम अडकला नाही. शुक्रवारी तिला कायम केलं.

चाकूरला लहानपणी माझ्या आईनं हे ठेवणं शिकवलं, तेव्हा फक्त देवाचं शिकवतेय असं वाटलं होतं…

आता अश्विनीनं मलाही शिकायला बसवलंय. माझ्यासारखं दहावीवर पायथन कुणी शिकलं असेल, तर उलटटपाली कळवा… इथं खालीच लिहिलं तरी चालेल.